सतरा नंबरचा शिकाऊ परवाना

मास्तरांनी चौतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आणि त्या चौतीस वर्षांत एकदाही शिष्याच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. शेजारच्या सीटवर बसायचं, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवायचे आणि आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय हलकेच टेकवायचा, ही त्यांची बैठक. समोरून ट्रक येवो की नुकत्याच सुटलेल्या शाळेतली पोरं येवोत, हात मांडीवरून हलत नसत. शिष्याच्या कपाळावर घाम दिसला की मास्तर एकच वाक्य बोलत : "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे."

निवृत्तीनंतर हात मांडीवरच राहिले, पण शेजारी कोणी उरलं नाही. पाय तेवढा कामावर होता. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली की मास्तर फरशीवर ब्रेक मारत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वर येऊन, "सुतार कधी जाणार?" असं नम्रपणे विचारलंसुद्धा.

त्यांची बायको म्हणजे सिस्टर. बाळंतिणींच्या वॉर्डात पस्तीस वर्षं काढलेली. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, म्हणून चारचौघांत मास्तरही सिस्टरच म्हणत. नवीन पाहुणा त्यामुळे जरा गोंधळून चहा घ्यायचा, पण चहा चांगला असल्यामुळे विषय वाढत नसे.

एके सकाळी पिंजरेवाल्याचा फोन आला. हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. पोपटांच्या जोड्या ठेवून पिल्लं विकणं हा त्याचा धंदा. त्याने नवा टेम्पो घेतला होता आणि तो बोळातून मागे घेता येत नव्हता. मास्तर जवळजवळ धावतच गेले. अर्ध्या तासात टेम्पो बोळाबाहेर आला, आणि चहा होईपर्यंत पिंजरेवाल्याने त्यांना मागची खोली दाखवली.

खिडक्यांच्या काचांवर काळा रंग मारलेला. भिंतीला रांगेने पिंजरे, आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या पाठीला एक लाकडी पेटी. पेटीत अंधार आणि अंधारात अंडी. शेवटच्या पिंजऱ्यात एक करड्या रंगाची मादी एकटीच होती. शेपटी लालभडक, छातीवरची पिसं स्वतःच उपटलेली, पायात कडी आणि कडीवर आकडा : सतरा.

"हिला काय झालं?"

"अकरा वर्षं अंडी दिली मास्तर, काही तक्रार नाही. आता माझा हात पेटीकडे येताना दिसला, की स्वतःच फोडून टाकते. दुसऱ्या एका व्यापाऱ्याला देतोय. तो म्हणतो, माझी खोली याहून अंधारी आहे, तिथे येईल वठणीवर."

बोलता बोलता पिंजरेवाला हातवारे करत होता, आणि सतरा नंबरचे डोळे त्या हाताबरोबर फिरत होते. पाठ भिंतीला, नखं दांडीत रुतलेली. ही नजर मास्तरांच्या चांगली ओळखीची होती. पहिल्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला माणूस चावीकडे असंच बघतो.

सिस्टरने दार उघडलं तेव्हा मास्तरांच्या हातात पिंजरा होता आणि अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला होता.

"टेम्पो काढायला गेला होतात ना?"

"निघाला टेम्पो."

"आणि हा कोण? चावतो वाटतं."

"चावते. अकरा वर्षं नुसती बाळंतपणं केलीत तिने. एक पिल्लू जवळ राहू दिलं नाही."

सिस्टरच्या तोंडात पुढची चार वाक्यं तयार होती. ती तिने गिळली आणि टिंक्चरची बाटली आणायला आत गेली.

पण अंगठा बांधून झाल्यावर तिने अट घातलीच. "हे बघा, रोज रोज मी मलमपट्टी करायची नाही. माझी ड्यूटी संपलीय. किती दिवसांत माणसाळेल?"

"शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो," मास्तर म्हणाले. "सहा महिन्यांत माझ्या हातावर बसून फिरली नाही, तर व्यापाऱ्याकडे जाईल. त्याचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. मी पिंजरेवाल्याला शब्द देऊन आलोय."

"परीक्षा कोण घेणार? तुम्ही घेणार असाल, तर ती आत्ताच पास झाली म्हणायची. छोट्याला बोलवा."

मास्तरांचा चेहरा पडला.

छोट्या हा सिस्टरचा धाकटा भाऊ. वय बासष्ट, वजन ब्याण्णव किलो, आणि हुद्दा : वाहतूक खात्यातले परवाना परीक्षक, सेवानिवृत्त. नात्यामुळे पास केलं असं कोणी म्हणू नये म्हणून त्याने मास्तरांच्या शिष्यांना आयुष्यभर नात्यामुळे नापास केलं. उमेदवाराच्या कानामागे बॉलपेन टक्-टक् वाजवायचं आणि तो दचकला की "नियंत्रण नाही" असा शेरा मारायचा, ही त्याची पद्धत. सख्ख्या बहिणीलाही त्याने दोनदा घरी पाठवलं होतं.

"तोच बरा," सिस्टर म्हणाली. "निदान निकालाला कोणी नावं ठेवणार नाही."

मास्तरांनी कपाटातून 'शिकाऊ' लिहिलेली जुनी पुठ्ठ्याची पाटी काढली आणि पिंजऱ्याला लटकवली. सिस्टरने दुसऱ्या बाजूला तक्ता अडकवला. त्यात तारीख, वजन, आहार आणि चावे असे चार रकाने होते. पहिल्या दिवशी चाव्यांच्या रकान्यात तिने लिहिलं : दोन, खोल.

शिकवणी सुरू झाली. मास्तर पिंजऱ्यापासून दोन हात दूर खुर्ची टाकत, पिंजऱ्याकडे पाठ करून बसत, हात मांडीवर ठेवत आणि वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचत. आरंभी म्हणत, "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे." मग चौकातला अग्रक्रम, मग चढावर गाडी उभी करणे. सतरा नंबर पहिले आठ दिवस पातेल्यात पाणी उकळावं तशी गुरगुरत राहिली. नवव्या दिवशी चढावरच्या प्रकरणात ती गप्प झाली. मास्तरांच्या मते तिला विषय आवडला. सिस्टरच्या मते तिला झोप लागली.

"अहो, पण तोंड फिरवून कसले बसता? पाहुणी आहे ती."

"तिच्याकडे जो जो बघायला आला, तो अंडी मोजायला आला. न बघणारा माणूस तिला नवीन आहे."

त्या दिवसापासून केर काढताना सिस्टरही पिंजऱ्यासमोरून जरा तिरकी जायला लागली.

दुसऱ्या महिन्यात चमचा आला. हातभर लांब दांड्याचा लाकडी चमचा, त्याच्या टोकाला अक्रोडाचा तुकडा. दांड्यावर मास्तरांनी बोटाबोटाच्या अंतराने पेन्सिलीच्या खुणा केल्या. दर तीन-चार दिवसांनी हात एक खूण पुढे सरकायचा, एकच. एके दिवशी उत्साहाच्या भरात मास्तर दोन खुणा पुढे सरकले. तक्त्यात नोंद झाली : चावा एक, दोष मास्तरांचा. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने तीन खुणा मागे गेले.

अडीच महिने झाले तेव्हा सतरा नंबर उघड्या दारात येऊन अक्रोड घेत होती. छातीवर कापसासारखी नवी लव दिसू लागली होती. मास्तर घरात शीळ घालत हिंडत होते. आणि नेमकी तेव्हाच सिस्टरला माया आली.

मास्तर दोन दिवस परगावी गेले होते. सिस्टर पिंजऱ्याशी आली, पोपटाकडे पाहिलं आणि तिच्यातली पस्तीस वर्षांची नोकरी जागी झाली. हॉलमध्ये हा एवढा उजेड, येणारे-जाणारे, टीव्ही. बाईमाणसाला काही आडोसा नको? तिने पिंजऱ्याच्या तीन बाजूंना हिरवा पडदा लावला, वॉर्डातल्या खाटेला लावतात तसा. आत बुटांचं रिकामं खोकं ठेवलं, त्यात स्वच्छ कापूस. आणि समाधानाने तक्त्यात लिहिलं : रुग्णाची व्यवस्था उत्तम.

मास्तर परतले. चमचा घेऊन पिंजऱ्यापाशी गेले. पुढच्याच क्षणी चमच्याचे दोन तुकडे झाले आणि एका तुकड्याबरोबर मास्तरांच्या करंगळीचं थोडं कातडं गेलं. सतरा नंबर खोक्याच्या तोंडाशी पंख पसरून उभी होती. तिच्यामागे कापसात पांढरंशुभ्र अंडं होतं.

पिंजरेवाल्याला फोन लावला. त्याला पलीकडे हसू आवरेना. "मास्तर, अंधार, आडोसा आणि खोकं! तुम्ही तर तिला परत कामावर रुजू करून घेतलंत! आता काही खरं नाही. पाठवून द्या, व्यापारी रोज विचारतोय."

सिस्टर सोफ्यावर बसली होती. तिला असं हात गाळून बसलेलं मास्तरांनी क्वचितच पाहिलं होतं.

"माझ्यामुळे झालं."

"तू तिच्या सोयीसाठीच केलंस."

"सोय करायला गेले आणि ड्यूटी लावून आले. बिनपगारी." ती एकदम उठली. "बरं, आता काढून टाकू का ते अंडं? नर नाही, त्यातून काही निघायचं नाही. हातमोजे घालते, एका मिनिटाचं काम."

मास्तर उत्तर द्यायच्या आधीच ती स्वतः थांबली. हातमोजे तिच्या हातात होते. तिने ते पाहिले, मग पिंजऱ्याकडे पाहिलं. सतरा नंबर तिच्या हातांकडेच बघत होती, आणि तिची चोच शत्रूवर नव्हे, तर अंड्यावर रोखलेली होती. अजून एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर फोडलंच असतं तिने.

"नाही," सिस्टर म्हणाली. हातमोजे तिने खिडकीबाहेर, निदान त्या दिशेला, भिरकावले. "बाळंतिणीच्या खाटेला कुणी हात लावायचा नाही. माझ्या वॉर्डात तरी नाही."

"तिला बसून बसून कंटाळायला महिना लागेल. परीक्षेला साडेतीन महिने राहिलेत."

"लागू दे महिना. पडदा मी आज काढते. उजेड येऊ दे, टीव्ही लागू दे, तुमचं ते पुस्तक चालू दे. खोकं मात्र तिचं ती सोडेल तेव्हाच निघेल."

दोन दिवसांनी दुसरं अंडं झालं. त्यानंतरचा महिना घराने अंड्यांच्या तालावर काढला. मास्तर रोज दाणे ठेवत, पाणी बदलत, आणि हात खोक्याच्या जवळून, अगदी जवळून, रिकामा परत येई. सतरा नंबर दर वेळी पंख पसरून उभी राही. हात गेला की वळून अंडी बघायची. एक, दोन. दोन्ही जागेवर. पुढे पुढे तिने पंख पसरायचं सोडलं. नंतर वळून बघायचंही सोडलं. तक्त्यात सिस्टर रोज एकच शब्द लिहीत होती : आहेत.

एकतिसाव्या दिवशी सकाळी सतरा नंबर खोक्याबाहेर आली, दांडीवर चढली, अंग झाडलं आणि खोक्याकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सिस्टरने तिच्या डोळ्यांदेखत हळूच खोकं उचललं. ती बघत राहिली. मग तिने सिस्टरच्या बांगडीला एकदा चोच लावून पाहिली, जिन्नस बरा आहे की नाही बघावं तशी, आणि जिभेने टुक् असा आवाज केला.

सिस्टर खोकं घेऊन स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मास्तरांनी विचारलं, तेव्हा कांदा चिरत होते म्हणाली. कांदे घरात चार दिवस नव्हते.

त्यानंतर गाडीने जो चौथा गिअर पकडला, तो मास्तरांनी चौतीस वर्षांत एकाही शिष्यात पाहिला नव्हता. नव्या चमच्यावरच्या खुणा दोन-दोन दिवसांत सरू लागल्या. मग चमचाच गेला आणि तळहातावरचा अक्रोड राहिला. मग मास्तरांची काठी दांडीसारखी समोर धरली, तर ती काठीवर चढली. काठीवरची मास्तरांची पकड रोज बोटभर तिच्याकडे सरकत होती. एकदा काठी संपली आणि मनगट सुरू झालं, तर ती मनगटावरही आली. आली आणि लगेच उतरली. मास्तर दिवसभर ते मनगट धुवायला तयार नव्हते.

पण एक गोष्ट कोणीच बोलून दाखवत नव्हतं. मनगटावर ती आली होती ती तीन वेळा, आणि तीनही वेळा घर शांत असताना. परीक्षेला छोट्या येणार होता, आणि छोट्याबरोबर त्याचं पेन येणार होतं.

ठरल्या रविवारी तो बरोब्बर दहा वाजता आला. इस्त्रीचा सफारी, चकचकीत बूट, बगलेत लाकडी पॅड. त्याच्या मागून पिंजरेवाला आला, हातात रिकामा छोटा पिंजरा घेऊन. पिंजरेवाल्याला छोट्याने पूर्वी तीनदा नापास केलं होतं, त्यामुळे तो दाराशी अटेन्शनमध्येच उभा राहिला.

"बसा ना साहेब," मास्तर म्हणाले.

"भावोजी, ड्यूटीवर मी बसत नाही."

"छोट्या, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तुला," सिस्टर म्हणाली.

"ताई, परीक्षकाशी संभाषण करू नये." त्याने पॅडवर कागद लावला. "उमेदवाराचं नाव?"

"सतरा नंबर."

"नाव विचारलं, नंबर नाही."

मास्तर आणि सिस्टर एकमेकांकडे पाहू लागले. सहा महिन्यांत हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बाईसाहेब," सिस्टर ठासून म्हणाली. "लिही."

छोट्याने लिहिलं. मग त्याने जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढल्या आणि हॉलच्या मधोमध चार पावलांच्या अंतराने मांडल्या. "उमेदवाराला हातावर घेऊन दोन्ही खुर्च्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायचा. हातावरून उडाली, नापास. चावली, नापास. पाय खुर्चीला लागला, नापास."

"पाय कुणाचा?"

"कुणाचाही."

मास्तरांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. आयुष्यात प्रथमच ते परीक्षा देत होते आणि त्यांच्या कपाळावर चौतीस वर्षांच्या शिष्यांचा घाम एकदम आला होता. त्यांनी मनगट पुढे धरलं.

बाईसाहेबांनी मनगटाकडे पाहिलं. सफारीकडे पाहिलं. दाराशी उभ्या असलेल्या पिंजरेवाल्याकडे पाहिलं, आणि त्यांची पिसं अंगाशी चापून बसली. अकरा वर्षं अंडी उचलणारे हात त्यांनी ओळखले होते. पिंजरेवाल्याला ते कळलं असावं. त्याने छोटा पिंजरा खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

एक मिनिट गेलं. छोट्याने घड्याळ पाहिलं.

मग बाईसाहेबांनी एक पाय उचलला, मनगटावर ठेवला, ते खरंच तिथे आहे याची खात्री केली आणि दुसराही ठेवला.

मास्तर निघाले. पहिल्या खुर्चीला वळसा, मध्ये तिरकी चाल, दुसऱ्या खुर्चीला वळसा. बाईसाहेब वळणावर अंग किंचित आत झुकवत होत्या. अर्धा आठ पूर्ण झाला.

आणि छोट्याने मास्तरांच्या कानामागे पेन वाजवलं. टक्-टक्.

मास्तरांचा पाय फरशीवर ब्रेक मारून मोकळा झाला. धाड! खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला झाडू आपटला. मास्तर जागच्या जागी थिजले. बाईसाहेबांचे पंख फाडकन उघडले, नखं मनगटात रुतली, चोच मास्तरांच्या अंगठ्यावर आली. त्याच अंगठ्यावर, जिथे पहिल्या दिवशीचा व्रण होता.

कोणी हललं नाही. मास्तरांना पाऊल उचलायचं होतं, पण पाऊल उचलेना.

तेव्हा खोलीत मास्तरांचाच आवाज उमटला. शांत, जरासा घोगरा, शेजारच्या सीटवरून यावा तसा.

"घाबरू नका. ब्रेक माझ्याकडे आहे."

मास्तरांचे ओठ मिटलेले होते.

बाईसाहेबांनी अंगठा सोडला, पंख मिटले आणि एक डोळा मास्तरांकडे करून वाट पाहू लागल्या. पिंजरेवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. अकरा वर्षांत त्याने तिच्याकडून एक शब्द ऐकला नव्हता.

मास्तरांनी पाऊल उचललं. उरलेला आठ त्यांनी असा काढला, की कंपास घेऊन काढला असता तरी इतका गोल झाला नसता. पिंजऱ्यापाशी येऊन थांबले. बाईसाहेब उतरल्या नाहीत. दंडावर चढल्या, खांद्यावर गेल्या आणि तिथून सगळ्यांकडे पाहू लागल्या.

"परीक्षा चालू असताना बोलायला मनाई आहे," छोट्या खोल आवाजात म्हणाला.

"कुणाला?" सिस्टर कमरेवर हात ठेवून पुढे आली. "उमेदवाराला की शिकवणाऱ्याला? शिकवणारा गप्प होता. आणि उमेदवाराने काय सांगितलं? ब्रेक कुठे आहे ते सांगितलं. हा तुझ्या तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न आहे. मला तू त्यावरच नापास केलं होतंस, विसरले नाहीये मी."

छोट्याने पॅडकडे पाहिलं, बाईसाहेबांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहायचं टाळलं. मग बराच वेळ लिहीत राहिला. कागद फाडून त्याने मास्तरांच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं : नियंत्रण आहे. उमेदवाराचं. शिक्षकाने सराव करावा. पास.

मास्तरांच्या शिष्यांपैकी पहिल्याच फेरीत छोट्याने पास केलेली ही पहिलीच. पिंजरेवाल्याला राहवलं नाही, त्याने टाळी वाजवली, आणि बाईसाहेबांनी बघताच हात परत पाठीमागे नेले. "व्यापाऱ्याला सांगतो मी, ती आता नोकरीत नाही," एवढं बोलून तो रिकामा पिंजरा घेऊन जिना उतरला.

"एकदा माझ्या हातावर द्या ना भावोजी," छोट्या ड्यूटी संपवून म्हणाला. त्याने सरळ बोट पुढे केलं. "घाबरायचं कशाला? एवढ्या ट्रकड्रायव्हरांना मी—"

सिस्टरने टिंक्चर लावलं, पट्टी बांधली आणि तक्त्याकडे गेली. चाव्यांच्या रकान्यात साडेतीन महिन्यांनी नोंद झाली : एक, खोल. दोष छोट्याचा.

ड्रायव्हिंग स्कूलची एक रीत होती. पास झालेल्या शिष्याने 'शिकाऊ' पाटी स्वतःच्या हाताने उतरवायची. पुठ्ठा कुरतडला की मादीला पुन्हा घरटं सुचतं, म्हणून खोक्याच्या प्रकरणापासून घरात पुठ्ठा फाडायला बंदी होती, पण आज सिस्टरने सूट दिली. मास्तरांनी पाटी सोडून बाईसाहेबांसमोर धरली. त्यांनी ती नीट पारखून घेतली, एका पायात धरली आणि मास्तरांच्या खांद्यावर बसून, कोपऱ्यापासून सुरुवात करून, टिकलीएवढे तुकडे करत, सगळीच्या सगळी पाटी छोट्याच्या चकचकीत बुटांवर उतरवली.